कांडीची पत्ती

वक्तृत्वात तालुक्यातून पहिली आल्यापासून खुशबूच्या तोंडाला कुलूप म्हणून राहिलं नव्हतं. दहावीतली पोर, पण कोणालाही बेधडक फोन लावायची. मोहाडीच्या वाचनालयातला बंद पंखा तिने असाच तीन फोन करून सुरू करवला होता. तेव्हापासून तिची खात्रीच झाली की जगातली कामं अडतात ती फक्त कोणी विचारत नाही म्हणून.

त्याच तोऱ्यात तिने घरामागच्या ताराचंदबाबाजींचं काम हाती घेतलं.

'दुपट्टा मंडईचा' हे गाणं आमच्या भागात कोणाला माहीत नाही? पस्तीस वर्षांपूर्वीची कॅसेट, पण अजूनही ते वाजल्याशिवाय वरात मांडवाला लागत नाही. सुरुवातीलाच क्लॅरिनेट येते, डब्यात भुंगा कोंडल्यासारखी घोगरी, थरथरती. ती आपण वाजवली, असं बाबाजी सांगायचे. कव्हरवर मात्र एवढंच छापलेलं, 'संगीत : केवळराम आणि पार्टी'. पार्टीत नऊ जण होते. केवळराम मास्तर वारले, गाणारी बाई वारली, आणि बाबाजी म्हणजे माग विकून बसलेले, चार पावलांत दम लागणारे म्हातारे विणकर. लोक हसायचे. सगळ्यात जास्त हसायची त्यांची बायको, शकुनआजी. पण गाणं कुठेही लागलं की बाबाजींची बोटं आपोआप चालू लागायची. हातात चहाचा गिलास असला तर गिलासावर, काठी असली तर काठीवर. खुशबूने ती बोटं पाहिली होती. तिला दुसरा पुरावा नको होता.

पण प्रफुल्ल सरांना हवा होता. भंडाऱ्याचे हे सर जुन्या कॅसेटींवर कोणी काय वाजवलं ते शोधून त्याचं पुस्तक करत होते. खुशबूने त्यांचा नंबर मिळवला आणि एका दमात सगळं सांगितलं. सर म्हणाले, ही क्लॅरिनेट माझीच, असं म्हणणारे आजवर सहा जण भेटले. फोटो नको, शपथ नको. सुरुवातीचा तुकडा वाजवून दाखवा. तो आवाज अजून एकाच्याही वाद्यातून निघाला नव्हता. रविवारी येतो म्हणाले, कारण सोमवारी पुस्तक छापायला जाणार होतं.

ही बातमी ऐकून बाबाजींनी हातातली काठी बाजूला ठेवली. मग त्यांनी विचारलं, "माहं नाव छापून येईन?"

"येईन ना बाबाजी. मी हाव ना."

"एक खेप वाजवाले पुरन इतका दम आहे माह्याजवळ," ते म्हणाले. सराव मात्र करेनात. पेटी रविवारीच उघडायची, एवढंच त्यांचं म्हणणं.

इथे खुशबूचं डोकं चाललं. वर्षानुवर्षं बंद पेटीतलं वाद्य, ते काय धड वाजणार? शुक्रवारी बाबाजी डॉक्टरकडे गेले होते, तेव्हा तिने आजीला पटवलं आणि पेटी घेऊन एसटीने थेट भंडारा गाठलं. पितळी भांड्यांच्या दुकानांपाशी एक जण बँडची वाद्यं दुरुस्त करायचा. त्याने चाव्या घासून सोन्यासारख्या केल्या. मग तोंडाजवळची पत्ती दाखवली, जी फुंकल्यावर थरथरते आणि आवाज काढते ती. काळी पडलेली, वेडीवाकडी तासलेली, सुताने बांधलेली. ठेवायची का, असं त्याने विचारलंही.

"फेका ते," खुशबू म्हणाली. "कशी कुजकी दिसून राहिली. नवीन लावा."

त्याने बाजारातली नवी कोरी पत्ती लावली. येताना रस्ताभर पेटी तिच्या मांडीवर होती आणि ती मनात गात होती.

रविवारी सर आले. बाबाजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. पेटी उघडून त्यांनी चकाकत्या चाव्यांकडे पाहिलं, मग वाद्याच्या तोंडाजवळच्या पत्तीकडे, आणि त्यांचा हात जागीच थांबला. खुशबू कौतुकाची वाट पाहत होती. बाबाजींनी तिच्याकडे एकदा पाहिलं, वाद्य ओठाला लावलं आणि तुकडा वाजवला. एकही सूर चुकला नाही. पण भुंगा नव्हता. आवाज स्वच्छ, गुळगुळीत, कोणत्याही वरातीतला.

सरांनी वही मांडीवर ठेवली. "छान वाजवता," म्हणाले. त्यांच्या 'छान'मधूनच खुशबूला कळलं.

"जुनी पत्ती कोठी आहे पोरी?" बाबाजींनी हळूच विचारलं.

मग बाबाजींच्या तोंडून ते निघालं, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं. नागपूरच्या स्टुडिओत ऐनवेळी त्यांची पत्ती चिरली होती. पिशवीत बोरूची एक जाड कांडी होती, आजी जिच्यावर बाण्याचं, म्हणजे विणताना आडवं घालायचं, सूत भरायची तसली. त्यांनी ती फोडून ब्लेडने पत्ती तासली. तीच घोगरी वाजली, तीच रेकॉर्ड झाली. विणकराच्या कांडीवर वाजवलं म्हणून बँडवाले हसतील, कोणाले सांगू नको, अशी मास्तरांनी शपथ घातली होती. बाबाजींनी शपथ पाळली. पत्ती जपून ठेवली.

"मीच फेकाले लावली," खुशबू म्हणाली. वक्तृत्वातला तो आवाज कुठे गेला कोणास ठाऊक. तिने तिथूनच दुकानदाराला फोन लावला. कचरा कालच घंटागाडीत गेला होता. दुसरी तासा ना, असं ती बाबाजींना म्हणाली, तर त्यांनी आपला हात पुढे केला. त्यात आता ब्लेड स्थिर धरवत नव्हतं. आणि तसला बोरू आता आणायचा कुठून?

सर वाईट माणूस नव्हते. मला पटतं, म्हणाले, पण गोष्ट त्या सहा जणांजवळही आहे, अशीच चांगली. मग त्यांनी वहीत लिहिलं. खुशबूने उलट बाजूने वाचलं, 'क्लॅरिनेट : माहीत नाही'.

शकुनआजी दारात उभी होती. "माह्या हातची कांडी होती," ती म्हणाली, "अन् मले जलमभर हसू देल्लं." बाबाजींनी पेटी बंद करून खाटेखाली सरकवली. खुशबूला रागावले नाहीत. रागावले असते तर तिला रडता तरी आलं असतं.

पुढच्या आठवड्यात गल्लीतून वरात गेली. भर दुपारी, कानठळ्या बसवणारा डीजे, आणि तेच गाणं. खुशबू धावत मागच्या अंगणात गेली. बाबाजी खाटेवर बसले होते, हातात चहाचा गिलास. घोगरी क्लॅरिनेट सुरू झाली, अख्खा तुकडा वाजला, नाचणारे शिट्ट्या मारत पुढे गेले. ती त्यांच्या बोटांकडे पाहत राहिली.

एकही बोट हललं नाही. चहा थंड होत होता.