नऊपर्यंतचा उजेड

व्हर्ना हावलिकला घड्याळाचा राग नव्हता. राग होता जोलीनचा. पण नेब्रास्कात शेजारणीविरुद्ध कायदा करता येत नाही, घड्याळाविरुद्ध करता येतो.

दर मार्चमध्ये राज्य घड्याळ तासभर पुढे ढकलायचं, की उन्हाळाभर रात्री नऊपर्यंत लख्ख उजेड. नवरा मायलो साडेसहाला जेवण उरकून शेजारच्या विधवा जोलीनच्या अंगणात नाल फेकायचा खेळ खेळायला जायचा. लोखंडी नाल खुंटीवर आपटला की खण्ण, आणि पाठोपाठ जोलीनचं हसू. इकडे भांडी विसळताना व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस तिच्याशी पत्त्यांचा एक डाव खेळला नव्हता. नोव्हेंबरात घड्याळ मागे आलं की पाचलाच अंधार आणि नवरा घरात. उन्हाळ्यातला निदान तो एक तास तरी तिला परत हवा होता.

‘घड्याळं बदलणं थांबवा’ असा अर्ज गावात आला. तिने फक्त मथळा वाचला आणि कंबर कसली. कोलाचे नावाचे जॅम भरलेले गोड पाव भाजून घरोघर वाटले, चारशे सह्या गोळा केल्या. जोलीननेही हसत हसत सही केली.

"बरं झालं बाई, तू मनावर घेतलंस," ती म्हणाली.

किती बावळट ही, असं व्हर्नाला वाटलं.

त्यावरच्या विधेयकाची सुनावणी राज्याच्या राजधानीत, लिंकनला होती. मायलोने गाडी काढली, तर मागच्या सीटवर जोलीन आधीच बसलेली.

माईकपुढे व्हर्ना गाईंच्या धारांविषयी बोलली, शाळेच्या बसविषयी बोलली. अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला.

"म्हणजे हावलिकबाई, उन्हाळी वेळ बारा महिने ठेवायला तुमचा पाठिंबा?"

"उन्हाळी? ती बंदच करायची ना?"

"नाही बाई, बदलणं बंद करायचंय. घड्याळ एकदा पुढे गेलं की पुढेच राहणार. हिवाळ्यातसुद्धा संध्याकाळी तासभर जास्त उजेड."

चारशे सह्या, आणि सगळ्या तिनेच गोळा केलेल्या.

"मग माझा विरोध आहे," ती म्हणाली.

"तो का?"

ऐन वेळी गाई आठवेनात. "कारण उजेड असेपर्यंत माझा नवरा शेजारणीकडे असतो."

सगळं सभागृह खदखदून हसलं. अध्यक्षही हसले. व्हर्नाने मागे वळून पाहिलं. पहिल्याच रांगेत मायलो आपल्या बुटांकडे बघत होता, जोलीन खिडकीकडे. त्या दोघांना मात्र हसू आलं नव्हतं.