टाकून दिलेलं पहिलं पान

काचेपलीकडे स्वामींनी प्रिंटरवर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि प्रिंटर खडखडू लागला. अलीकडच्या बिनखिडकीच्या खोलीत आपापल्या आकडेमोडीच्या निकालाची वाट पाहत बसलेल्या वीसेक शिकल्यासवरल्या माणसांनी हात जोडले. स्वामी म्हणजे संगणकाचे ऑपरेटर. हे नाव लोकांनीच दिलेलं आणि त्यांना मनापासून आवडलेलं. यंत्राला भाव कळतो, शंकेखोराचं उत्तर ते पोटातच ठेवतं, असं ते सांगत. जो उठून जाई त्याचा निकाल उद्यावर पडे, म्हणून पाणी प्यायलाही कुणी हलत नसे.

धरणाच्या कार्यालयात आकडेमोड करणारी ताईही सकाळी आठला संगणकासाठी भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा देऊन तिथेच अडकून पडायची. घरी विसराळू झालेली आई. ती एकदा बाहेर पडून हरवली होती, तेव्हापासून ताई बाहेरून कुलूप लावून निघायची. तासाभरात येते, असं रोज सांगायची आणि रोज चार वाजायचे.

प्रत्येक निकालाचं पहिलं पान नुसतं नाव, नंबर, वेळ असल्या तपशिलाचं, म्हणून सगळे ते टाकून देत. ताई मात्र मागच्या बाजूला सामानाची यादी करायला घरी आणायची. आई एके काळची शिक्षिका. हाती पडेल ते वाचायची. एका संध्याकाळी तिने तेच उचललं.

"काम संपलं नऊ चाळीस, छापलं चार दहा," ती म्हणाली. मग तिने वर पाहिलं. "नऊ चाळीसलाच संपलं होतं, तर मला इतका वेळ कोंडून तू कुठे होतीस गं?"

ताईला रडूच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी तिने यंत्राच्या मिस्त्रीला गाठलं आणि खोलीत सगळ्यांना कचऱ्याच्या टोपलीतली ती पहिली पानं काढायला लावली. एकूण एक काम सकाळीच संपलेलं होतं.

"उत्तर आधी यंत्रातल्या चकतीवर साठतं," मिस्त्री म्हणाला. "प्रिंटर तिथून आपोआप उचलून छापतो. कुणी रोखलं तरच थांबतो." मग आजवर बोलला का नाहीस? तर कुणी विचारलंच नव्हतं.

"स्वामी, एक हात प्रिंटरवर," काचेपलीकडे प्रिंटरवर हात ठेवून उभ्या असलेल्या स्वामींना ताई म्हणाली, "आणि दुसरा?"

सगळ्यांनी पहिल्यांदाच तिकडे पाहिलं. डावा हात यंत्राला काम रोखायचे-सोडायचे हुकूम टंकायच्या कळांवर होता. यंत्र आज रुसलंय, असं काहीसं स्वामी पुटपुटले. मिस्त्रीने आत जाऊन रोखलेली सगळी कामं सोडली, आणि कुणाचाही हात नसताना प्रिंटर खडखडत राहिला.

ताई सकाळी साडेदहालाच घरी पोचली. कुलूप उघडलं तर आई दाराशीच बसलेली होती.

चमत्कार दिसला की आपले हात जोडण्याआधी समोरच्याचे दोन्ही हात बघावेत. आपल्यासाठी नाही, तर निदान घरी कोंडून बसलेल्या माणसासाठी.