चार मार्ग, बिनविरोध

"यंदापासून या जिल्ह्यातलं एकही लेकरू आपली वाट चुकणार नाही!" अशी घोषणा शिक्षणाच्या मोठ्या साहेबांनी केली आणि सभागृहात टाळ्या पडल्या. साहेब तासभर उशिरा आले होते, कारण वाट चुकले होते. ड्रायव्हरनं त्यांना चिकलठाण्यात एका मंगल कार्यालयासमोर उतरवलं. आत कुणाचं तरी लग्न होतं. इस्त्रीचा शर्ट आणि मागं फाईल धरलेला शिपाई बघून वधूपक्षानं त्यांना फेटा बांधला आणि पहिल्या रांगेत बसवलं. साहेबांना वाटलं, शिक्षकांनी यंदा स्वागत चांगलं ठेवलंय. अंतरपाट धरला तेव्हा त्यांना पहिली शंका आली. घोषणा करताना फेटा डोक्यावरच होता.

रामकिसन गुरुजींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. नाराजी वगैरे काही नव्हती. हात छातीवर बांधलेले होते आणि ते सोडायचा कंटाळा आला होता, एवढंच. गुरुजी निंबसावंगीच्या शाळेचे मुख्याध्यापक. वेरूळच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी गाव. वर्षभरानं रिटायर व्हायचे होते. नोकरीत त्यांनी इतक्या योजना पाहिल्या होत्या की शाळेची दर्शनी भिंत निव्वळ योजनांच्या रंगानं चार बोटं जाड झाली होती. मागच्या पावसाळ्यात एक पोपडा निघाला, तर आतून 'ज्ञानपहाट' दिसली, त्याच्या आत 'आनंदी पाटी', आणि त्याच्याही आत कुटुंबनियोजनाचा त्रिकोण.

साहेब योजना सांगत होते. नाव 'अध्ययनमार्ग'. पाचवी ते सातवीच्या प्रत्येक मुलानं चारपैकी एक मार्ग निवडायचा. विज्ञान, भाषा, कला, कौशल्य. पालकांना कळावं म्हणून प्रत्येक मार्गाला चित्र दिलेलं. विज्ञानाला दुर्बीण, भाषेला लेखणी, कलेला ढोलकी आणि कौशल्याला हातोडा. निवडीवर पालकाची सही किंवा अंगठा. गुरुजींचा डोळा लागत आला होता, तेवढ्यात साहेब म्हणाले, "आणि ज्या शाळेत चारही मार्ग भरतील, तिथं आठवीचा वर्ग मंजूर!"

गुरुजींनी हात सोडले.

निंबसावंगीला शाळा आली पोलीस ॲक्शननंतर दुसऱ्या वर्षी, चौथीपर्यंत. सातवी गाठायला तिला तीस वर्षं लागली. पुढं मात्र तिनं जी बसकण मारली ती मारलीच. आठवीसाठी हायवे ओलांडून पलीकडच्या गावाला जावं लागे. मुलं सायकलवर जात. मुली घरी बसत. बसत म्हणजे बोलायची रीत; घरी कुणी त्यांना बसू देत नसे. गुरुजी दर उन्हाळ्यात आठवीची दरखास्त करत आणि 'योग्य वेळी विचार केला जाईल' असं उत्तर घेऊन येत. यंदा सातवीत धनगरवस्तीवरची म्हाळसा होती. गुरुजींनी तोंडी हिशेब घातला की त्यांचं वाक्य संपायच्या आत ही पोर उत्तर द्यायची. तिचा बाप मुंजाबा सांगून गेला होता, "आठवी इथं झाली तर शिकू द्या. नायतर मेंढरं हायेतच, आणि पावणेबी इचारायलेत."

तर आता योग्य वेळ आली होती. गुरुजी सभेतून उठले ते थेट औरंगपुऱ्यात फकिराभाऊच्या छापखान्यात गेले.

"चार चित्रं, समोर चौकट, खाली सही. स्वस्तात कर," गुरुजी म्हणाले.

"चित्रं आन् चौकट? तयारच हाय की गुरुजी," फकिराभाऊ म्हणाला. "जागेवर देतो."

तयार होतं खरं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वाटायला छापलेल्या नमुना मतपत्रिकेचा साचा त्याच्याकडं तसाच पडून होता. त्यानं ट्रॅक्टर आणि कपबशी काढून तिथं दुर्बीण आणि ढोलकी घातली. उरलेला गुलाबी कागदही तोच. गुरुजींनी गठ्ठा घेतला, न बघता पिशवीत टाकला आणि गावी येऊन मुलांबरोबर घरोघर पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी शाळेत येईपर्यंत गावात दोन पॅनल पडले होते.

निंबसावंगीत तशी दोन भावक्यांची जुनी तेढ. एकीकडं तात्यासाहेब, माजी सरपंच. दुसरीकडं आप्पासाहेब, तेही माजी सरपंच. दोघांचेही नातू पिवळ्या बसमधून शहरातल्या इंग्रजी शाळेत जात. गावच्या शाळेशी दोघांचा संबंध झेंडावंदनाच्या खुर्चीपुरता. पण गुलाबी कागद, चार चिन्हं आणि समोर चौकट बघितल्यावर घरी बसेल तो पुढारी कसला! पालकसभेला शाळेच्या पटांगणात अख्खं गाव लोटलं. पालक होते त्यातले थोडे.

"दुर्बीण आमची," तात्यासाहेबांनी सुरुवात केली.

"तुमची कशी काय?" आप्पासाहेब उठले.

"आम्ही आधी हात लावला."

"आधी हात लावल्यावर तुमचं होत असंल तर गावची विहीरबी तुमचीच म्हणा की!"

"विहिरीत गाळ कुणी टाकला ते बोलू का चारचौघांत?"

गुरुजी मधे पडले. "तात्यासाहेब, आप्पासाहेब, ही निवडणूक नाही. लेकरांचा अभ्यास आहे. कुणी हरणार नाही, कुणी निवडून येणार नाही."

"मग चिन्हं कशाला दिली?" तात्यासाहेब म्हणाले.

शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका आशाबाई वहीआड तोंड धरून म्हणाल्या, "गुरुजी, आचारसंहिता लागली का हो? नाही म्हणजे, उद्या खिचडी शिजवायची का नाही ते ठरवते."

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. भिंतीवर खडूनं दुर्बिणी निघाल्या. पारावर बसलेली म्हातारी माणसं येणाऱ्या-जाणाऱ्याला 'कुणीकडं हाय?' असं विचारू लागली. सात दिवसांनी तात्यासाहेब आणि आप्पासाहेब हातात हात घालून शाळेत आले. पेढ्यांचा पुडा होता. तो बघून गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला.

"मिटलं गुरुजी," आप्पासाहेब म्हणाले. "बिनविरोध."

"काय बिनविरोध?"

"दुर्बीण. दोन्हीकडची सगळी लेकरं दुर्बिणीत. बाकीची तीन चिन्हं माघार. वर्गाचा म्होरक्या पहिले अडीच महिने तात्यांकडचा, पुढले अडीच आमचा."

"गावात तंटा नको," तात्यासाहेब म्हणाले. "सरकार बक्षीस देतं बिनविरोधला."

गुरुजी खुर्चीत मागं टेकले. "अहो, चारही मार्ग भरले तर आठवी मिळणार आहे. प्रत्येकात पाच लेकरं तरी पाहिजेत. थोडी ढोलकीत टाका, थोडी—"

"ढोलकी?" तात्यासाहेबांनी पेढा तोंडाजवळच थांबवला. "आमची पोरं ढोलकी वाजवणार? तमाशाच्या बारीवर उभी करता का?"

"लेखणी घ्या मग."

"लेखणी तलाठ्याकडं असती. त्यानं आमचं कधी भलं केलं नाय."

"हातोडा?"

"हातोडा हाणायला वस्ती हाय की," आप्पासाहेब म्हणाले. दोघंही हसले. निंबसावंगीत या दोघांचं एखाद्या मुद्द्यावर असं पटकन एकमत झाल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

गुरुजींनी चौघा-पाचजणांची घरं पालथी घातली. एकेकाला आठवी समजावली. सगळे ऐकून घेत, चहा देत आणि म्हणत, "आमचं काय नाय गुरुजी, पण शब्द दिलाय." शेवटी दुपारच्या उन्हात गुरुजी वस्तीकडं निघाले. गुडघे दुखत होते. या वयात आपण धनगराच्या दारी जाऊन ढोलक्या खपवतोय, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ते तिथंच सोडून दिलं. मनात येणाऱ्या गोष्टींशी भांडायची ताकद हल्ली उरली नव्हती.

मुंजाबा मेंढरांमागं गेला होता. त्याची बायको बानाबाई मेंढरं कोंडायच्या वाघरीचं जाळं दुरुस्त करत बसली होती. तिनं घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि गुरुजींनी पुढं केलेला गुलाबी कागद उलटासुलटा करून बघितला.

"गुरुजी, मला वाचता येत नाय. एकच सांगा. ह्यात आठवी कुठल्या चिन्हावर हाय? तिथं अंगठा देते."

गुरुजींनी अनेक साहेबांना अनेक उत्तरं दिली होती. इथं त्यांनी आधी तांब्यातलं पाणी संपवलं.

"कुठल्याच नाही, बानाबाई. चारही भरली तर आठवी. गावानं एक भरलंय. तीन मोकळी आहेत."

"व्हय?" बानाबाईनं दातानं सुतळी तोडली. "मग तिन्ही आमच्यावर टाका. गावानं ठेवलेलं उरलंसुरलं घ्यायची आम्हाला सवय हाय. वस्तीवरची लेकरं पुरतील का?"

गुरुजींनी बोटांवर मोजलं. "जेमतेम पुरतात."

"मग झालं. मी सांगते समद्यांना." तिनं कागद परत दिला. "म्हाळसा कशात?"

"ढोलकीत एक कमी पडतंय."

"तुम्हीच म्हणता ना, पोरगी हिशेबाला लई तेज हाय?"

"आहे."

"मग तिला दुर्बीण पायजे व्हती."

"पाहिजे होती."

"आठवीत मिळंल?"

"मिळेल," गुरुजी म्हणाले. पुढच्या जूनमध्ये ही योजना असेल का, हे त्यांना माहीत नव्हतं. साहेब तरी असतील का, तेही माहीत नव्हतं. पण उन्हातून परत जायचं होतं, आणि 'मिळेल' म्हणायला 'माहीत नाही'पेक्षा कमी दम लागतो.

वस्तीवरच्या बायकांनी संध्याकाळपर्यंत अंगठे दिले. मुंजाबा आल्यावर एवढंच म्हणाला, "आठवी झाली तर पावण्यांना नाय कळवतो."

तपासणी डिसेंबरात ठरली. तोपर्यंत मार्ग चालले असं म्हणायला हरकत नाही. विज्ञानमार्गाला वरून दुर्बीण यायची होती, ती आली नाही. पुठ्ठ्याची नळी करून आशाबाईंनी दोन्ही भावक्यांच्या पोरांना आळीपाळीनं चिंचेचं झाड दाखवलं. भाषामार्गाला पुस्तकं आली, ती तिसरीची. कौशल्यमार्गाला हातोडा आला, खिळे आले नाहीत. कलामार्गाला काहीच आलं नाही, पण वस्तीवर ढोल होते. तो एकच मार्ग काय तो धड चालला.

साहेबांची गाडी या वेळी बरोबर आली. कारण गावच्या वेशीपासून हलगी वाजत होती आणि चुकायला जागाच नव्हती. साहेब उतरले तसा तात्यासाहेबांनी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला. आप्पासाहेबांना ते बघवलं नाही. त्यांनी मूठ भरून डोक्यावर टाकला. मग दोन्ही बाजूंनी उधळायला सुरुवात झाली. बिनविरोधचा गुलाल राहिलाच होता, तो गावानं साहेबांवर काढला. फटाक्यांची माळ लागली. पहिलीची पोरं रडायला लागली.

"हे सगळं... अध्ययनमार्गासाठी?" साहेबांनी डोळे पुसत विचारलं.

"म्हणजे काय!" तात्यासाहेब म्हणाले. "गावानं लई मनावर घेतलंय."

नोकरीत त्यांच्यावर लोकांनी मोर्चे आणले होते, एकदा चपलांचा हारही आणला होता. योजनेपायी गुलाल उधळणारं गाव ते पहिल्यांदा बघत होते. त्यातच वस्तीवरच्या पोरांनी पटांगणात ढोलाच्या तालावर धनगरांचं गजीनृत्य धरलं. म्हाळसा ढोलावर होती. साहेबांनी मोबाईल काढला, ऑफिसातल्या मॅडमना दाखवायला चित्रण केलं, चारही मार्गांचे कागद न बघताच बाजूला ठेवले आणि तिथंच खुर्चीवर चढून जाहीर केलं, "निंबसावंगीला आठवी मंजूर!"

पुन्हा फटाके.

"आठवी कुणाच्या पॅनलची धरायची?" आप्पासाहेबांनी हळूच विचारलं.

"अडीच-अडीच महिने," आशाबाई म्हणाल्या.

शिक्षक कधी येईल, खोली कुठं बांधायची, हे गुरुजींनी साहेबांना गाडीत बसताना विचारलं. "योग्य वेळी विचार केला जाईल," साहेब म्हणाले आणि काच वर केली. म्हणजे जूनमध्ये रिटायर झालेल्या गुरुजींनी व्हरांड्यात बसून आठवी शिकवायची. हे गुरुजींना कळलं आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटलंही नाही. मंजुरीचा कागद मात्र साहेबांकडून लिहून घेतला होता. गुलालाच्या बोटांनी केलेली सही होती, पण सही होती. मुंजाबाच्या पोरीला आता घरी बसावं लागणार नव्हतं.

गर्दी पांगली. आशाबाई पोरांना घेऊन पटांगण झाडायला लागल्या. गुरुजी पायरीवर बसले. केसांतला गुलाल घामानं मानेवर उतरत होता. समोरून बानाबाई आली, मागं म्हाळसा. ही आता पाया पडणार, उपकार म्हणणार, असं गुरुजींना वाटलं. असल्या वेळी काय बोलायचं ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला.

"झाली आठवी, बानाबाई."

"व्हय, ऐकलं. लई बरं झालं. ह्यांनी पावण्यांना नाय कळवायला फोनबी केला." बानाबाई थोडी घुटमळली. "गुरुजी, एक इचारू का? दरवेळी म्हणते सांगीन, पण तुमच्यामागं कामं असतात."

"बोला."

"आमची लेकरं पयल्यापासून मागं, दाराजवळ बसत्यात. म्हाळसाला तिथनं फळ्यावरलं काईच दिसत नाय. पहिलीपासनं. नुसतं ऐकून करती. तेवढं तिला जरा पुढं बसवता का?"