थंडी ओळखणारा तांब्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे. यंदाही थंडीतल्या एका पहाटे प्रयागबाईंनी मला अंगणातून उचलून गालाला लावलं.

"लागला गार," त्या म्हणाल्या.

त्यांची मुलगी वत्सला चुलीपाशी होती. "माय, लसणाचं बी त राह्यलंच नाही. मंग काऊन पाहून राह्यली?"

"सवय हाये वं. तुले पोरायवर ओरडायची हाये ना, तशी."

दोघी हसल्या. दुसऱ्या दिवशी प्रयागबाई उठल्याच नाहीत.

आदिलाबादच्या बाजारातून मी त्यांच्या लग्नात तामसी गावी, त्यांच्या सासरी आलो. माझ्या पोटात त्यांच्या माहेरच्या लसणाचे सात गड्डे होते. थंडी सुरू झाली की बाई मला पाणी भरून रात्रभर उघड्यावर ठेवत. ज्या पहाटे माझा गारवा गालाला झोंबे, त्याच दिवशी पाकळ्या लावत. तीस वर्षं ते बी असंच चाललं. शेजारणी विचारत, "प्रयागबाई, तांब्या काय म्हणते?" तेव्हा मला फार अभिमान वाटे.

मागच्या वर्षी बाई तापानं अंथरुणावर होत्या. वत्सला आदिलाबादला शिक्षिका आहे. तिची दिवाळीची सुट्टी संपत आली होती आणि मी अजून कोमटच होतो.

"गार लागला काय वं?" आतून बाईंनी विचारलं.

वत्सलानं मला हातही लावला नाही. "लागला, माय," ती म्हणाली. होतं तेवढं सगळं बी तिनं लावलं आणि दुपारच्या बसनं गेली. उबदार, ओल्या मातीत पाकळ्या कुजल्या. एकही उगवली नाही.

बाई वर्षभर सगळ्यांना सांगत राहिल्या, "बी म्याच खराब ठेवलं. माया हात बिघडला." वत्सला सुट्टीत आली की तेच ऐके, पण खरं काय ते सांगत नसे.

मित्रांनो, सगळं बी एकदम लावू नका. मूठभर मागे ठेवा. याहून जास्त मला काही सांगता येत नाही.

बाई गेल्यावर दहा-बारा दिवस मी अंगणात तसाच पडून होतो. माझ्यावर काळा थर चढला. मग एका सकाळी शेजारच्या बयनाबाई रिकाम्या वाफ्याकडे पाहून म्हणाल्या, "बिचारीचा हात अखेरीले बिघडला होता."

वत्सला झाडता झाडता थांबली.

"नाही, बयनाबाई. मायचा हात नव्हता बिघडला. थंडी पडलीच नव्हती. म्या तिले खोटं सांगितलं."