आमच्याकडे अभ्यास नसतो

आमच्या घरात ‘अभ्यास’ हा शब्द काढायला बंदी होती. बंदी माझ्या बायकोची, नोरीनची. आमची कोरा दुसरीत असताना तिची वाचाच बसली होती. घरी तोंडाचा पट्टा चालू, पण शाळेचं दार आलं की तोंडाला कुलूप. शिक्षिकेने रागावून पाहिलं, समुपदेशकाने खेळणी देऊन पाहिलं, पोरगी ओठ उघडेना. शेवटी आम्ही तिला शाळेतून काढून घरी शिकवायला लागलो. न्यूयॉर्क राज्याच्या आमच्या या उत्तर टोकाला असं करणारी आणखीही घरं आहेत.

‘अभ्यास’ म्हटलं की कोराचं पोट दुखायचं, म्हणून नोरीन नाव न घेता शिकवायची. मेपलच्या झाडांचा किती गोड रस आटवला की किती पाक उतरेल, हे कोरा भट्टीपाशी उभी राहून मला सांगायची. शेळ्यांना गोष्टी वाचून दाखवायची. पण परक्या माणसाशी चकार शब्द नाही. दुकानात गेलो की माझ्या कोटात तोंड खुपसायची. “एकदा तरी कुणाशी बोलू दे रे देवा,” असं नोरीन जेवणाआधीच्या प्रार्थनेत पुटपुटायची.

जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाला दर तिमाहीला अहवाल लागतो. विषय, तास, प्रगती. नोरीनने जे घडलं तेच लिहिलं आणि अहवाल परत आले. शेळ्यांना वाचून दाखवणं हा म्हणे विषय नाही.

“अगं, सगळे लिहितात तसं लिही ना,” मी चिडलो. “वाचन, इतके तास. गणित, इतके तास. संपलं!”

“ती पाक काढत होती, वॉरन. घड्याळ लावून गणित नव्हती करत.”

“तुझ्या खरेपणाला तिथे कुत्रं विचारत नाही!”

झालं तसंच. आमचं घर देखरेखीखाली आलं आणि मार्चमध्ये, ऐन रसाच्या हंगामात, कार्यालयाच्या वेंडेलबाई पाहणीला आल्या.

बाई वाईट नव्हत्या. चिखलातून बूट ओढत गोठ्यापर्यंत आल्या. कोराची पुस्तकं, तिने काढलेले नकाशे, भट्टीच्या भिंतीवर खडूने मांडलेले हिशेब, सगळं त्यांनी पाहिलं. “बरं चाललंय की,” म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

“मुलीशी बोलू का जरा?”

“ती परक्यांशी बोलत नाही,” नोरीन म्हणाली. “म्हणून तर घरी ठेवलीय.”

बाई तरीही कोराशेजारी गवतावर बसल्या. कोराच्या मांडीवर नवं करडू होतं.

“नाव काय गं हिचं?”

कोराने खाली पाहिलं. मग म्हणाली, “बटण.”

नोरीनने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. कोरा बोलतच सुटली. बटणला तिची आई जवळ घेत नाही, बाटलीने दूध पाजावं लागतं, दूध फार गरम चालत नाही. नोरीनच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

“वा! मग अभ्यास कधी करतेस?”

“अभ्यास? आमच्याकडे अभ्यास नसतो.”

“गणित तरी?”

“छे! ते शाळेत असतं. आई काहीच शिकवत नाही.” कोरा अभिमानाने हसली. “म्हणून तर मला घरी आवडतं.”

“बाई, अहो, तसं नाही ते,” नोरीन पुढे झाली. शब्दाची बंदी, पोटदुखी, सगळं तिने एका दमात सांगितलं. मी पण मध्येमध्ये तोंड घालून घोळ वाढवला.

बाई हळूच उठल्या. “मला कळतं हो. पण मुलीने स्वतः सांगितलेलं मला लिहावंच लागणार. आणि बोलते की छान! आता शाळेला काय अडचण? कार्यालय तिला शाळेतच घालायला सांगेल.”

मी त्यांना गाडीपर्यंत सोडलं. फाटकसुद्धा मीच उघडलं, गाढवासारखं.

परत आलो तर कोरा करडू घेऊन धावत येत होती. “आई, पाहिलंस? मी बोलले! एवढं सगळं बोलले!”

“पाहिलं गं राणी,” नोरीन म्हणाली आणि तिने तिला पोटाशी धरलं.

“त्या बाई परत कधी येणार? मला अजून खूप सांगायचंय.”

नोरीनने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आम्हा दोघांचंही तोंड उघडेना.