दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

प्रश्न ४. मूल कधी चालायला लागलं?

"चालला कुठे, पळालाच की थेट!" बाई म्हणाली, आणि इतका वेळ दगडासारखा असलेला तिचा चेहरा जरा सैल झाला. "दहावा महिना होता. मी काजं करत बसले होते. ह्यानं टेबलाचा पाय सोडला आणि धाड धाड धाड दारापर्यंत! थांबायचं कसं ते कुठे ठाऊक होतं? आपटला दारावर. पण रडला नाही हो. दाराकडेच रागानं बघत बसला."

मामांनी फॉर्मवर लिहिलं, 'दहावा महिना'. मग समासात, बारीक अक्षरात, 'दारावर रागावला'.

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो बावीस वर्षांचा होता. सहा फूट उंच. घरी त्याला टिल्लू म्हणत. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं टायरच्या दुकानात, भर दुपारी, आपल्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदाराच्या डोक्यात लोखंडी पाना घातला होता. जोडीदार जागेवरच गेला.

फॉर्मबद्दल थोडं

मामा हे कुणाचे सख्खे मामा नव्हते. कारागृहाच्या मानसोपचार विभागात ते गृहभेटीचं काम करत. खुनाच्या आरोपीला डॉक्टर तपासत. पण तो लहानपणी कसा होता हे विचारायला त्याच्या घरी जायचं ते मामांनी. सोबत एक्केचाळीस प्रश्नांचा छापील फॉर्म. ऑफिसातले म्हणत, "दर आठवड्याला नव्या बहिणीकडे जाऊन भाच्याची चौकशी करतो, तो मामाच की!" नाव चिकटलं ते चिकटलंच. खुन्यांचे मामा.

फॉर्मला ठरावीक गोष्टी हव्या असत. अंथरूण किती वर्षांपर्यंत ओलं केलं? काड्यापेटीशी खेळायचा का? कुत्र्यामांजरांना छळायचा का? डोक्यावर पडला होता का? घरात मारहाण? ह्यांतल्या अंथरुणाच्या प्रश्नाला मामांच्या आईनं खरं उत्तर दिलं असतं, तर त्यांच्या नावापुढेही 'नऊ वर्षं' लागलं असतं. पण मामांनी आयुष्यात कुणाला चापट मारली नव्हती. हे त्यांनी मोठ्या डॉक्टरांना एकदा सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अजून निवृत्त व्हायचा आहेस ना? घाई करू नकोस."

चांगल्या गोष्टींना मात्र फॉर्मवर रकाना नव्हता, आणि आया तर त्याच सांगत. खून झाल्यापासून त्यांना सगळे खुनाबद्दलच विचारत असत. पोलीस, वकील, शेजारी, दीर, जावा. आणि मग हा छत्रीवाला माणूस यायचा, पाणी मागायचा आणि विचारायचा, 'पहिला शब्द कोणता बोलला?' बाई आधी बघतच राहायची. मग बोलायला लागायची ती थांबायचीच नाही. म्हणून समास. कुणी बहिणीच्या बाहुलीला ताप आला म्हणून शाळा बुडवली होती, कुणी चंद्राला 'दिवा राहिला' म्हणायचा. एकतीस वर्षांत मामांनी असे कितीतरी समास भरले. डॉक्टर ते वाचत नसत. मामांनाही कुणी वाचावेत असं वाटत नसे.

प्रश्न २३. घरात मारहाण होत असे काय? कोणाकडून? कशाने?

आता तेविसावा. त्या दिवशीचा.

आदल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मामांना खोलीत बोलावून घेतलं होतं. टिल्लूला तीन वेळा तपासून झालं होतं. का मारलंस विचारलं की तो एकच सांगे, "तो हसला. मग बघितलं तर माझ्या हातात पाना होता." मधलं काहीच नाही. वैर नाही, बाई नाही, दारू नाही. कशाला हसला तेही आठवत नाही.

"ह्याची फाशी मला दिसतेय," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. "कारण असलेल्या खुन्याची न्यायाधीशाला दया येऊ शकते. बिनकारणाच्या खुन्याची भीतीच वाटते. आणि भ्यालेला माणूस काय करेल सांगता येत नाही, कोर्टातला असो की टायरच्या दुकानातला. बघ, घरी काही सापडतंय का."

खोली एकच होती. खिडकीशी टेबल, टेबलावर शर्टांचा ढीग. एका दुकानाचं काजं-बटणांचं काम ती घरी आणून करायची. मुलगा दोन वर्षांचा असतानाच नवरा गेला होता. बावीस प्रश्न झाले आणि बावीस उत्तरं अशी, की त्या मुलाला शाळेत बक्षीस मिळावं.

"तुम्ही मुलाला मारत होतात का?" मामांनी विचारलं.

"छे हो! हात कुणाला उगारायचा? माणसं काय ती दोनच घरात."

नियम असा होता, की कोणताही प्रश्न दोनदा विचारायचा नाही. दोनदा विचारलं की माणसाला वाटतं आपलं उत्तर चुकलं, आणि तो बरोबर उत्तर शोधायला लागतो. हे मामांनीच नव्या लोकांना शिकवलं होतं. त्यांनी पेन्सिल फॉर्मवर टेकवली. लिहिलं काहीच नाही. आणि खाली बघतच म्हणाले, "ताई, मुलाला तुम्ही मारत होतात का?"

काज अर्ध्यावर थांबलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. "मारायचे."

"कशानं?"

तिची नजर खोलीभर फिरली. टेबल, स्टोव्ह, खुंटीवरची पिशवी. मग टेबलाच्या कडेशी येऊन थांबली. "ह्या गजानं," तिनं कापड मोजायचा लाकडी गज दाखवला. "खांद्यांवर."

"कधी कधी?"

"कधी कधी लिहिलं तर चालेल?" तिनं विचारलं. मग स्वतःच मान हलवली. "नको. रोज लिहा."

मामांनी लिहिलं.

कोर्टात ते मोठ्यानं वाचलं गेलं, तेव्हा सगळे बाक तिच्याकडे वळून बघू लागले. टिल्लूही. फाशी टळली. जन्मठेप झाली.

समास

एकोणीस वर्षांनी मामा पुन्हा तो जिना चढले, तेव्हा त्यांची नोकरी बारा दिवसांची उरली होती. गुडघे आधीच निवृत्त झाले होते. मोठे डॉक्टर वारले होते. त्यांच्या खुर्चीत आता डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, कामाला वाघ. त्यांनी टिल्लूच्या सुटकेची शिफारस केली होती. "आपण असे का झालो हे इतकं स्वच्छ समजलेला कैदी मी पाहिलेला नाही," त्या म्हणाल्या होत्या. "आईच्या माराबद्दल बोलतो तेव्हा अंगावर काटा येतो, मामा. हसण्याचा आवाज आला की त्याला तो गज आठवतो. आता फक्त एक दिवस घरी नेऊन आणायचं. आईला माफ करायची त्याची तयारी झालीय."

मामा 'बरं' म्हणाले होते.

"या भाऊ," तिनं दार उघडलं. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता, ढीग तेवढाच होता. "आज काय, चौकशी की नुसताच चहा?"

"वाचायला आलोय," मामा म्हणाले. जुनी कागदपत्रं रद्दीत जाणार होती, त्यातून त्यांनी तो फॉर्म काढून आणला होता. त्यांनी फक्त समास वाचले. 'दारावर रागावला.' 'बटणांना माणसांची नावं ठेवायचा.' 'मोठ्या पावसाला घाबरायचा नाही, पावसाच्या थांबण्याला घाबरायचा.'

"अगं बाई, बटणं!" तिनं तोंडावर हात ठेवला. "एका काळ्या बटणाला तो 'मुख्याध्यापक' म्हणायचा. ते कुठल्या शर्टाला लावू द्यायचा नाही. गिऱ्हाइकाला मी सांगायचे, मुख्याध्यापक रजेवर आहेत." ती हसत सुटली. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा हसली. मामाही हसले. अर्धा तास त्या खोलीत एक चार वर्षांचा मुलगा इकडून तिकडे पळत होता.

मग मामा म्हणाले, "ताई, हे मी त्याला दाखवतो. चूक माझी होती. मीच दोनदा विचारलं. डॉक्टरीणबाईंनाही सांगतो. जाता जाता एवढं तरी करू द्या."

"नको."

"अहो, तो मार खरा धरून बसल्यापासून, अकरा वर्षं, तो तुम्हाला भेटलेला नाही!"

"फाशी झाली असती तर एकोणीस वर्षं भेटला नसता." तिनं सुईत दोरा ओवायला घेतला, दोरा चुकला. "भाऊ, त्या कारणावर उभा आहे तो. तुम्ही ते काढून घेतलंत, तर खाली काय आहे? सांगा ना. एकतीस वर्षं हिंडलात घरोघर. त्यानं का मारलं त्या मुलाला?"

मामांनी नकारार्थी मान हलवली.

"मलापण नाही माहीत. मी रोज विचार करते. मग त्याला तरी रिकाम्या हातानं का पाठवायचं जगात?"

"आणि तुमचं काय?"

"माझं काय बिघडतंय? शेजारणीची पोरं दंगा करायला लागली की ती म्हणते, 'थांबा, म्हातारीकडे पाठवते.' लगेच चिडीचूप. आयता धाक मिळालाय बिचारीला."

"मी मात्र बारा दिवसांनी घरी बसणार, हे पोटात घेऊन."

"बसा की. मी बसले नाही?"

प्रश्न ४१. कुटुंबाची स्वीकारण्याची तयारी

मंगळवारी सकाळी दहाला मामा टिल्लूला घेऊन आले. एक्केचाळीस वर्षांचा, कानशिलांवर पांढरा, नवा शर्ट घातलेला माणूस दारात वाकून आत आला. खोली त्याला लहान झाली होती.

त्याची कॉलर एका बाजूनं आत दुमडली होती. ती सरळ करायला तिनं सवयीनं हात उचलला. तो झटकन मागे सरला, आणि त्याचा खांदा वर गेला, अगदी कानापर्यंत. तिनं हात तसाच सावकाश खाली घेतला, आणि खुर्चीकडे बोट केलं. "बस."

तो बसला. दोन्ही पंजे गुडघ्यांवर. वर्गात उभं केलेल्या मुलासारखं घसा साफ करून म्हणाला, "आई, मला तुला काही सांगायचंय. मी खूप विचार केला. मी तुला माफ केलं."

मामा दारापाशी स्टुलावर होते. त्यांनी तोंड उघडलं. तिनं मान न वळवता, फक्त डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मामांनी मांडीवरचा फॉर्म मिटला.

"बरं केलंस," ती मुलाला म्हणाली.

तो थांबला. आणखी काही होईल असं त्याला वाटलं असावं. रडणं, आरडाओरडा, नाही म्हणणं. तसं काहीच झालं नाही.

"फार लागायचं का रे?" तिनं विचारलं.

"हो."

"कुठे?"

"इथे." त्यानं डाव्या खांद्याला हात लावला. "तू आधी दार लावून घ्यायचीस. मग मी मोजायला लागायचो. वीसपर्यंत. त्याच्यापुढचे आकडे मला येत नव्हते, मग पुन्हा एकपासून."

"असं?"

"आणि एकदा तर मी टेबलाखाली लपलो होतो. तू किती वेळ शोधत होतीस. मला तुझे पाय दिसत होते..."

तो बोलत राहिला. कधीच न घडलेल्या त्या दुपारींच्या आठवणी तो एकामागून एक काढत होता, आणि अकरा वर्षांत प्रथमच तिच्याशी बोलत होता. तिनं शर्टांचा ढीग बाजूला सारला, खुर्ची त्याच्या जवळ ओढली, चष्मा नीट बसवला.

"आणि मग?" ती म्हणाली.