शिवणीतले दोन इंच

"ज्यानं या खुर्च्या केल्या त्यानं माणसाची पाठ कधी बघितलेली दिसत नाही," थोरली धाकटीच्या कानाला लागून पुटपुटली.

धाकटीनं नुसतं हूं केलं. दवाखान्याच्या त्या बाकड्यावजा खुर्च्यांत पाऊण तास काढताना थोरलीनं समोरच्या गृहस्थांचा डावा खांदा उतरता आहे, नर्सबाईंची बाही अर्धा इंच लांब आहे, हे सगळं टिपून ठेवलं होतं. दोन्ही अगदी बरोबर. खुर्चीचं मात्र ती आता तिसऱ्यांदा सांगत होती.

या दोघी सख्ख्या बहिणी, चाळीस वर्षं एका दुकानात कपडे शिवत आलेल्या. कामाची रीत पहिल्या दिवसापासून ठरलेली. थोरलीनं टेप लावायची आणि आकडा मोठ्यानं सांगायचा, धाकटीनं तो वहीत लिहायचा. मग थोरली वही बघून कापायची आणि धाकटी मशीनवर बसायची. गेल्या वर्षी एका किडकिडीत गिऱ्हाइकाची छाती थोरलीनं अठ्ठेचाळीस सांगितली. धाकटीनं मान वर करून माणूस बघितला आणि गुपचूप अडतीस लिहिलं. पुढे असं होतच राहिलं. धाकटीची नजर टेपच्या तोंडात मारेल इतकी तयार झाली आणि गिऱ्हाइकांना कशाचा पत्ता लागला नाही.

घरात विषय निघालाच तर धाकटी म्हणायची, दमते ती. भाचा म्हणायचा, वय झालं. थोरली म्हणायची, लक्ष नव्हतं माझं. एका शब्दाला सगळे वळसा घालून जात होते. मग एका दुपारी थोरली कोपऱ्यावर बटणं आणायला गेली ती दोन तासांनी परतली. बटणं नव्हती आणि चपला धुळीनं भरलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी धाकटीनं दवाखान्यात फोन लावला. चष्मा आणा, चालू असलेली सगळी औषधं आणा, काय बदललंय आणि कधीपासून ते लिहून आणा, असं तिकडून सांगितलं गेलं. तो कागद आता धाकटीच्या पर्समध्ये होता आणि दगडासारखा जड लागत होता. आत काही निघालं तर थोरलीच्या हातची कात्री जाणार, आणि ती घालवणारा कागद आपल्या अक्षरातला असणार, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

डॉक्टरबाई खालच्या आवाजात बोलणाऱ्या निघाल्या. आधीच सांगून टाकलं, ही परीक्षा नाही, यात कुणी नापास होत नाही. मग झोप कशी लागते, ऐकू नीट येतं का, मन खट्टू असतं का, कधी पडलात का, असं घरच्यासारखं विचारलं. गोळ्यांच्या पट्ट्या एकेक करून वाचल्या. खोलीत चालायला लावलं. पाच शब्द सांगितले, आरसा, पूल, लिंबू, मेंढी, काठी. ते म्हणून घेतले आणि थोड्या वेळानं परत विचारीन म्हणाल्या.

"आज वार कोणता?"

"आज आमचं दुकान बंद आहे," थोरली ऐटीत म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या, पण कागदावर काहीतरी लिहिलं. धाकटीच्या ओठांवर वार आला होता. डॉक्टरबाईंनी तिच्याकडे हात दाखवला, आज ताईंनाच बोलू द्या. त्यानंतर धाकटी तोंडात टाचण्या धरल्यासारखी बसून राहिली. चाळीस वर्षांत तिला इतकं अवघड काम कुणी दिलं नव्हतं.

घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा थोरलीनं एका झटक्यात असा गोल काढला की डॉक्टरबाईंनी कागद उचलून बघितला. पण आकडे घालता घालता सगळे एका बाजूला गोळा झाले. थोरलीनं कागद लांब धरला, डोळे बारीक केले.

"घेर जमलाय, पण सगळा झोल एकाच खांद्यावर आलाय," ती म्हणाली. "हा कोट मी गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवला नसता."

धाकटीला वाटलं, आपण असतो तर रडलो असतो, नाहीतर पेन्सिलीला दोष दिला असता. ही स्वतःच्या चुकीसमोर उभी राहून तिचं माप घेतेय.

मग ते पाच शब्द. थोरलीनं बोट खांद्यावर ठेवलं आणि म्हणाली, आरसा. छातीवर नेलं, पूल. बोट कमरेवर आलं आणि थांबलं. ती कंबर धरून बसून राहिली. डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. इथं होतं काहीतरी, थोरली म्हणाली. फळ आहे एक, असं सुचवल्यावर लिंबू आलं. बाहीपाशी आणि पायापाशी काहीच आलं नाही. अंगावर शब्द टाचून ठेवायची ही युक्ती डॉक्टरबाईंनी कौतुकानं विचारून घेतली, तेव्हा धाकटीलाही ती पहिल्यांदाच कळली.

आता बहिणीची पाळी. हवं तर एकट्या बोला, ताई बाहेर बसतील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यावर थोरलीनं सुनावलं की आमच्या दुकानात पडदा असतो तो गिऱ्हाइकांसाठी, आम्हा दोघींत नाही. धाकटीनं कागद उघडला. तेच परत विचारते, असं वाचलं. बटणांची दुपार वाचली.

"कापड वाया घालवते," तिनं पुढचं वाचलं. "आधी शिवणीत अर्धा इंच माया सोडायची, आता दोन दोन इंच जास्तीचं कापड आत ठेवते."

"ते खोड," थोरली म्हणाली.

धाकटीनं वर बघितलं.

"ते मी समजून उमजून ठेवते. माझं चुकलं तर तुला उसवून मोठं करता यावं. कमी कापलेलं कापड परत कुठून आणशील?" थोरलीनं तिच्या हातातला कागद अलगद काढून घेतला. "मी आकडा सांगितला की हल्ली तू गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघतेस. चाळीस वर्षांत कधी बघितलं नव्हतंस. मला कळणार नाही होय गं?"

वर्षभर आपण हिला सांभाळतोय असं धाकटीला वाटत होतं. प्रत्येक शिवणीत ही आपल्यासाठी जागा करून ठेवत होती, आणि आपण ती दोषांच्या यादीत लिहून आणली होती. तिनं पर्समधून पेन काढलं, कागद परत घेतला आणि ती ओळ खोडली.

डॉक्टरबाईंनी पुढचं समजावलं. रक्त तपासायचं, थायरॉइड आणि जीवनसत्त्वं बघायची, कानांची तपासणी करायची, मेंदूचा स्कॅन काढायचा. कधी कधी साधंसं, बरं होणारं कारण निघतं, कधी नाही निघत. आज मी कशालाच नाव देणार नाही, त्या म्हणाल्या, पण नक्की काय होतंय ते तुमच्या शब्दांत मला लिहायचंय. त्यांनी पेन उघडून दोघींकडे बघितलं.

"ती हल्ली जरा दमते," धाकटीनं सवयीनं सुरुवात केली.

थोरलीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दमत नाही मी. मी विसरते. कारण सापडेपर्यंत कात्री तू चालव, मी कापड धरते."